आप्पा कर्णिक आणि सावरबेटची बाव

आप्पा कर्णिक गेले तेव्हा अंधेरीला शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा भरली होती. तिथं मी बोललो. "आप्पांनी एका विसरलेल्या बेटाला इतिहास दिला," असं एक वाक्य मी फेकलं आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हेही विसरले. ते एक वाक्य तेवढं खरं होतं. बेटाला इतिहास नव्हता, तो आप्पांनी दिला. त्यापुढे मी जे बोललो, म्हणजे आप्पांची दूरदृष्टी, बेटावरच्या लोकांविषयीचा त्यांचा जिव्हाळा, त्यांचा निःस्वार्थीपणा, ते सगळं खोटं होतं. खोटं आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आता मी ऐंशी ओलांडली आहे, आणि सभेतले बहुतेक श्रोतेही आप्पांच्या मागोमाग गेले आहेत. राहिलेल्यांसाठी नीट सांगतो.

आप्पा दिसायला भारदस्त होते. उंच, गोरे, कानांवर केसांची झुलपं, बारा महिने काळी टोपी, बंद गळ्याचा पांढरा कोट आणि हातात छत्री. छत्री पावसासाठी नव्हती. समोर एखादी वस्तू आली की आप्पा छत्रीच्या टोकानं तिला टोचत आणि म्हणत, "हे साधं नाही." मग ते साधं का नाही हे सांगत. अंधेरीच्या आमच्या बिल्डिंगमागची पाण्याची टाकी साधी नव्हती. नाक्यावरच्या इराण्याचा आरसा साधा नव्हता. कुणी सरदार, कुणी गव्हर्नर, नाहीतर अख्खी एखादी फौज प्रत्येक गोष्टीच्या पाठीशी उभी असायची. "आप्पा, हे कुठं वाचलंत?" असं कुणी विचारलं तर ते मान मागे टाकून हसत. "वाचलेलं काय हो, कुणीही सांगेल!"

हे फक्त त्यांच्या बायकोपुढे चालत नसे. एकदा भिंतीपलीकडून मी काकूंचा आवाज ऐकला होता. "मला मोरीचा इतिहास नका सांगू. मोरी तुंबलीय, ती बघा."

इतिहासात उतरण्याआधी आप्पा पाचक चूर्ण विकत. कुणा वैद्याच्या कारखान्याचे ते विक्रेते होते. पेटी घेऊन दुकानोदुकान फिरत. त्यांच्या इतिहासाची सगळी रीत त्या चूर्णातून आली होती. चूर्णात काय घातलंय हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, ते कुणाकुणाला लागू पडलं हे सांगायचं असतं.

ते दारूबंदीचे दिवस होते. जुहूला, मढला श्रीमंतांचे समुद्रकाठी बंगले होते आणि शनिवार-रविवारी ते तिथं हवा खायला जात. त्यांचं बघून घाटकोपर-मुलुंडच्या वकिलांना, हेडक्लार्कांना, डॉक्टरांनाही हवा खावीशी वाटू लागली होती. बंगले परवडत नव्हते, हवा परवडत होती. आप्पांनी हे बरोबर हेरलं. वर्सोव्याच्या खाडीपलीकडे, मढच्या वाटेवरून बाजूला पडलेलं सावरबेट म्हणून एक चिमुकलं बेट आहे. तिथं एका कापडवाल्या शेटची कौलं उडालेली बंगली रिकामी पडली होती. आप्पांनी ती भाड्यानं घेतली, चुना मारला, पडव्यांना पडदे लावले आणि दारावर पाटी ठोकली : 'सिंधुविश्राम'.

मी त्यांच्या तावडीत कसा सापडलो? माशांमुळे. मी विक्रोळीला एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून होतो आणि अंधेरीला थोरल्या भावाकडे राहत होतो. वहिनी आठवडाभर डाळ करायच्या. आप्पा एकदा जिन्यात म्हणाले, "शनिवारी येत जा बेटावर. पाहुण्यांना चार गोष्टी दाखव, समजावून सांग. जेवणाचं बघायला नको." पहिल्याच शनिवारी ताटात तळलेलं पापलेट पडलं आणि मी विकला गेलो. माझी किंमत एवढीच होती, हेही एकदा लिहून टाकलेलं बरं.

वर्सोव्याला बसमधून उतरायचं, वाळत घातलेल्या बोंबिलांच्या खालून खाडीपर्यंत चालायचं आणि पास्कूच्या होडीत बसायचं. पास्कू बेटावरचाच. गाव कोळ्यांचं आणि भातशेती करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचं. एक लांबडी आळी, मधे चुन्यानं रंगवलेला क्रूस, मागे खाचरं आणि ताड. बेटावर कुठंही खणा, पाणी लागतं. पण ते मचूळ, म्हशीसुद्धा तोंड फिरवतात. गोडं पाणी एकाच विहिरीला, आणि ती विहीर बंगलीच्या कुंपणाबाहेर वाटेच्या कडेला होती. गावातले लोक तिला बाव म्हणत. अख्खं बेट त्या बावेवर जगत होतं.

आप्पांनी बावेभोवती आधी दोरी बांधली. "पाहुण्यांची मुलं पडायची हो आत." दोरीचा बांबूचा कूड झाला, कुडाची दगडी भिंत झाली, भिंतीला फाटक आलं. दर खेपेला कुंपण थोडं थोडं पुढे सरकत होतं, आणि एका शनिवारी आम्ही पोचलो तर बाव बंगलीच्या आवारात आलेली होती. बाव जागची हलली नव्हती.

त्या दिवशी फाटकाशी कार्मेलबाय उभी होती. ही पास्कूची थोरली बहीण. विधवा, दोन मुली, थोडं भाताचं शेत, आणि होडीला खाडीच्या मध्यावरून परत बोलावील असा आवाज. बेटावर अहोजाहो कुणी कुणाला करत नसे, आप्पांनाही नाही.

"आप्पा, बाव कोनाची?"

"बाव सगळ्यांची, कार्मेलबाय. मी आपला राखतो."

"राखतोस? आतापरयंत काय ती पलून जात व्हती?"

आप्पा हसले. हसण्यात त्यांना तोड नव्हती. गावानं सकाळी पाहुणे उठायच्या आत पाणी भरावं, मग फाटक लागेल, असं ठरलं. म्हणजे आप्पांनी ठरवलं. पास्कूला पाहुण्यांची ने-आण मिळत होती, कोळणींचे मासे बंगलीवर खपत होते. गावानं कुरकुर केली आणि गाव पहाटे उठायला लागलं.

भिंत झाली तरी भिंतीला कारण लागतं. ते आप्पांनी पुरवलं. वसईवर चालून जाताना मराठ्यांच्या फौजेनं या बेटावर तळ दिला आणि एका रात्रीत ही विहीर खणली! बाव राहिली गावाच्या तोंडात. पाहुण्यांसाठी ती 'फौजेची विहीर' झाली. मुलुंडचे वकील हातात लोटा घेऊन त्या पाण्याकडे अशा नजरेनं बघत, की जणू स्वतःच घोड्यावरून उतरलेत. चूर्णवाले आप्पा पुढे सांगत, "या पाण्यावर फौजेतल्या एका घोड्याला पोटशूळ झाला नाही." हे ऐकून बायका नवऱ्यांना दुसरा लोटा देत.

धक्क्यावर एक लोखंडी कडी होती. आप्पांनी तिला छत्री लावली. "ही साधी नाही. इथं तोफ बांधत."

पास्कू होडी ओढत होता. तो म्हणाला, "माज्या आज्यानं ठोकली ती. म्हस बांदायला."

"तुझा आजा फौजेत होता?"

"आजा? त्यो तर आजीला भिऊन घराभाइर निगत नव्हता."

पाहुणे हसले, आप्पाही हसले. पण पुढच्याच महिन्यात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, पास्कू घाटकोपरच्या एका कुटुंबाला होडीतून उतरवता उतरवता सांगत होता, "ही तोफेची कडी. माजा आजा राखायचा." मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं डोळा मारला. कडीला आजा चिकटला की लोक हातावर काहीतरी ठेवून जात.

पाहुण्यांविषयी सांगण्यासारखं फार नाही. पुरुषमाणसं संध्याकाळी 'सूर्यास्त बघायला' म्हणून ताडांच्या मागे जात. सूर्यास्त पश्चिमेला होतो आणि ताड होते पूर्वेला. पण बायकांनी कधी विचारलं नाही. परत येताना हे सद्गृहस्थ वेलची चघळत आणि दारूबंदी कशी योग्य आहे यावर बोलत. आप्पा स्वतः थेंबाला शिवत नसत. त्यांना त्याची गरज नव्हती. ते बोलत.

आता त्या टाक्याची गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

एका रविवारी मुलुंडचे एक निवृत्त ओव्हरसियर आले होते. बांधकामात आयुष्य गेलेलं. मी फौजेची विहीर दाखवत होतो. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "फौज किती होती म्हणालात? घोडी, माणसं, बैल? एवढ्याशा विहिरीवर?" मागे दहा-पंधरा पाहुणे होते, त्यांत दोन तरुण मुली. आप्पा लांब स्वयंपाकघराशी माशांचा भाव करत होते. मला हसं व्हायला नको होतं.

"ही वरची विहीर," मी म्हणालो. "खरा साठा खाली आहे. तळाच्या खडकाखाली दगडी टाकं आहे, वरून शिळा बसवलेली. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून."

ओव्हरसियर म्हणाले, "अस्सं!" मुलींपैकी एक म्हणाली, "बाई गं!" मला फार बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी पडवीत आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. आवाज खाली आणून ते मला म्हणाले, "कुणाला सांगत नव्हतो, पण तुला सांगतो. या विहिरीखाली एक टाकं आहे." आणि त्यांनी मला माझंच टाकं वर्णन करून सांगितलं, त्याच्या पायऱ्या, त्याच्या कमानी, त्याच्या शिळेवरचं कोरीव कमळ. कमळ माझं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. चूर्णवाल्यानं स्वतःचं चूर्ण खाल्लं होतं.

पुढच्या हिवाळ्यात कार्मेलबायच्या थोरलीचं, रोझीचं, लग्न निघालं. बेटावरच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीकडच्या बायका घुमट, म्हणजे कातडं ताणलेलं मडकं, वाजवत, गात विहिरीवर जातात आणि पाणी भरून आणतात. त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं आणि मग देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायचं. 'उंबराचं पाणी' म्हणतात. कार्मेलबायची आई त्या बावेच्या पाण्यानं न्हाली होती, ती स्वतः न्हाली होती. ती फाटकाचं विचारायला आली तर आप्पांनी हात जोडले.

"अगं, ये ना! संध्याकाळी पाचला या. पाहुण्यांचा चहा झाला की."

पाचला घुमट वाजवत बायका आल्या आणि फाटकातच थबकल्या. बावेभोवती आप्पांनी खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्यांवर बशीतून चहा पीत पाहुणे बसले होते. कार्मेलबायनं काठावर मेणबत्ती लावली, बायका गायला लागल्या, आणि आप्पा उठून उभे राहिले. "मंडळी, ही प्रथा साधी नाही. फौजेतल्या स्त्रिया..."

कार्मेलबायनं मला विचारलं, "काय सांगतो रं ह्यो?"

"इतिहास," मी म्हणालो.

"कोनाचा?"

"बावेचा."

"मंग बावेला बोलू दे की. ह्यो का वराडतो?"

गाणं संपलं. घाटकोपरच्या एका डॉक्टरांनी कप उंचावून म्हटलं, "वन्स मोअर!"

कार्मेलबाय कळशी कमरेवर घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुजी पोरगी लगनाला आली की सांग. तुज्या घरा येऊन गाईन. खुर्ची मांडून ठेव माज्यासाटी."

सगळे हसले. डॉक्टरांची बायको सगळ्यांत मोठ्यानं हसली. आप्पाही असे हसले, की जणू हे वाक्यही त्यांनीच बसवून घेतलं होतं. जाता जाता ती त्यांच्यापाशी थांबली. तेव्हा मात्र तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"ह्या पान्यानं न्हाल्याबिगर आमची पोरगी देवलात जात नाय, आप्पा. कुलूप घाल, भित घाल, तुला काय घालाचा तो घाल. पानी ठेव. माज्या धाकटीचं लगीन अजून व्हायचं हाय."

आप्पा म्हणाले, "हे काय सांगणं झालं?"

त्यानंतरचा उन्हाळा. 'सिंधुविश्राम' भरून वाहत होतं. समुद्रात डुंबून आलेल्या प्रत्येकाला गोड्या पाण्यानं अंघोळ हवी. वैशाखात बावेचा तळ दिसायला लागला, बायकांचे हंडे अर्धे परत जाऊ लागले. दुसरा कुणी असता तर त्यानं पाहुण्यांच्या अंघोळी कमी केल्या असत्या. आप्पांनी मला बाजूला घेतलं आणि डोळे मिटून म्हणाले, "टाकं उघडायची वेळ आली."

मी म्हणालो, "आप्पा, टाकं नाही. ते मी त्या ओव्हरसियरना सांगताना रचलं होतं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेनं. "तू रचलंस असं तुला वाटतं. तुझ्याच तोंडून का आलं ते? साधं नाही हे."

याच्यावर काय बोलणार? बोलता आलं असतं. ओरडता आलं असतं. संध्याकाळची होडी पकडून वर्सोव्याच्या चावडीवर जाता आलं असतं. मी जेवायला बसलो.

पुढच्या शनिवारी सुरुंगवाले आले. गाव फाटकाशी गोळा झालं. पास्कू, ज्याचा आजा तोफ राखायचा, तोसुद्धा ओरडत होता, "आप्पा, खाली दर्या हाय! खडक फोडू नको!" म्हातारी माणसं, पोरंटोरं, सगळे हेच सांगत होते. त्यात कुठली विद्या नव्हती. चारी बाजूंनी समुद्र दिसत होता.

"दर्या नाही, टाकं आहे," आप्पा म्हणाले.

"कोन म्हनला?" कार्मेलबायनं विचारलं.

आप्पांनी छत्री माझ्याकडे केली. "याला विचार. शिकलेला आहे."

ती माझ्याकडे वळली. तिनं मला आधी कधी रागावून हाक मारली नव्हती. तेव्हाही मारली नाही. "हाय रं टाका?"

आप्पांचे पाहुणे बघत होते. गाव बघत होतं. 'नाही' हा शब्द काही जड नाही. मी म्हणालो, "असं म्हणतात."

कोण म्हणतात? मी म्हणत होतो. आणि माझं ऐकून आप्पा. सबंध जगात आणखी कुणीही नाही. पण लाजेची खरी गोष्ट याहून पुढे आहे. सुरुंग उडाला, धूळ बसली, तेव्हा सगळ्यांच्या आधी काठावर वाकून मी बघत होतो. कमान दिसते का म्हणून.

पाणी आलं. भसाभसा आलं, पुरुषभर चढलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आप्पांनी टोपी काढून विहिरीला नमस्कार केला, नारळ फुटला. गढूळ म्हणून त्या दिवशी कुणी तोंडाला लावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्मेलबायनं हंडा भरला, ओंजळ तोंडाशी नेली. मला वाटलं, आता हिचा आवाज वर्सोव्यापर्यंत जाणार. तिनं आवाज काढला नाही. हंडा उचलला आणि सावकाश, सबंध, परत बावेत ओतला. मग ती निघून गेली. तिच्यामागच्या बायकांनी आपापली बोटं बुडवून चाखली आणि त्याही गेल्या.

खार होता तो. खाडीचा.

आप्पा आठवडाभर म्हणत होते, पाऊस पडला की निवळेल. पाऊस पडून गेला, बाव खारटच राहिली. तक्रार झाली, कुणी एक साहेब चौकशीला आला. तो पडवीत बसला, पापलेट जेवला, फौजेचा इतिहास ऐकला आणि होडीत बसून गेला. तोवर आप्पांना नवीन युक्ती सुचली होती. फौजेनं टाक्यात मुद्दाम क्षार साठवले होते, संधिवातावर! घाटकोपरचे पाहुणे गुडघ्यांवर बावेचं पाणी ओतून घेऊ लागले. त्यांच्या पिण्याचं पाणी पिंपांतून वर्सोव्याहून यायचं.

गावाला पिंपं कोण देणार? बायका हंडे घेऊन पास्कूच्या होडीत बसायच्या, खाडी ओलांडून वर्सोव्याला लोकांच्या नळावर, विहिरीवर उभ्या राहायच्या. "आमच्यात उरलं तर देऊ," असं ऐकून घ्यायच्या. ओहोटीला होडी रुतली की उन्हात तशाच बसायच्या. काही घरं बेट सोडून गेली. ज्या गावाकडे काहीच नव्हतं, त्याच्याकडे एक वस्तू होती. ती आम्ही घालवली.

इथं एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती मी पाहिली आहे. पावसाळ्यानंतरच्या एका दुपारी सगळे झोपले होते. मी मागच्या बाजूनं आलो तर आप्पा एकटे बावेशी. टोपी नाही, कोट नाही. बादली ओढत होते, ओंजळभर पीत होते, बादली ओतून देत होते, परत ओढत होते. पुन्हा पुन्हा. शेवटी ते काठ धरून ओकले. मला तेव्हा त्यांची दया आली, आणि मी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी तोंड पुसलं, मला पाहिलं आणि म्हणाले, "उतार आहे, हं. कालच्यापेक्षा खार कमी आहे." माझी दया तिथंच संपली.

नाताळ झाल्यावर कार्मेलबायच्या धाकटीचं, फिलूचं, लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी रविवार होता. पाहुण्यांची परतायची वेळ, म्हणून आम्ही सगळे धक्क्यावर उभे होतो. पास्कूची होडी समोरून येताना दिसली. होडीत बायका होत्या, मधे लाल फडक्यांनी तोंडं बांधलेले हंडे, आणि घुमट वाजत होतं. वर्सोव्याच्या कुणा सोयऱ्याच्या विहिरीवरून त्या फिलूचं पाणी घेऊन येत होत्या. मेणबत्ती वाऱ्यानं विझली होती. एक बाई ती तशीच हातात धरून बसली होती.

घाटकोपरच्या एक बाई म्हणाल्या, "किती सुंदर! हे काय हो आप्पा?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. आप्पांनी घसा साफ केला.

"या बेटाची रीत आहे. पोर्तुगीजांच्या काळापासूनची. इथल्या लग्नाला पाणी खाडीपलीकडून, होडीनंच यावं लागतं."

"म्हणजे विहिरीचं पाणी ही माणसं घेत नाहीत?"

"छे! ते फौजेचं. त्याला हे लोक कधी शिवलेसुद्धा नाहीत."

कार्मेलबाय पहिला हंडा डोक्यावर घेऊन धक्क्यावर चढत होती, आमच्यापासून हातभर अंतरावर. तिनं सगळं ऐकलं. नवरीचं पाणी डोक्यावर असताना थांबत नाहीत, भांडत तर नाहीतच. तिनं मान न वळवता घुमटवाल्याला सांगितलं, "जोरात वाजव रं."

ते आजही तिथं तसंच सांगतात. आता बेटावर पोहण्याचे तलाव असलेली रिसॉर्ट झाली आहेत, आणि पाहुण्यांना सांगतात, की इथल्या नवरीचं पाणी होडीतून यायचं, फार जुनी रीत. ती जुनी नाही. फिलूच्या आधी सावरबेटची प्रत्येक ख्रिस्ती नवरी बेटावरच्याच बावेच्या पाण्यानं न्हाली. ती बाव कुठल्याही फौजेनं खणली नव्हती. ती गावाची होती. तिच्याखाली टाकं नव्हतं.

त्या बाईंनी मला विचारलं, "खरं का हो?" घुमटाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं आणि होडीत चढलो. पुढच्या शनिवारी मी आप्पांना ऑफिसात काम आहे म्हणून सांगितलं आणि पुन्हा बेटावर गेलो नाही. नंतर अंधेरीच्या जिन्यात ते भेटत, पण मी आप्पा म्हणून जो माणूस आठवतो तो त्या दिवशीचा, धक्क्यावरचा. होडी निघाली. घुमट आळीच्या दिशेनं चढत गेलं आणि जोर धरत गेलं. आप्पा राहिलेल्या पाहुण्यांच्या मधे उभे होते, एक हात वर, मान मागे. त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं, आणि शब्द एकही ऐकू येत नव्हता.